धक्क्यापासून पुढे

समुद्रात माणूस वाट चुकला तर त्याला होकायंत्र आहे, दीपगृह आहे, उपग्रह आहेत, अगदीच बेतलं तर तटरक्षक दल आहे. धक्क्यावर उतरल्यावर चुकला तर मिनीडोर आहे, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही.

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की हे नाटक फुकटात बघायला मिळतं. गेटवेहून लाँचा येतात, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो येते. लाँचवाल्यांतल्या पुष्कळांच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, त्यामुळे ते उतरतात तेच धावत. रो-रोवाल्यांचं तर विचारूच नका. २०२० साली ही सेवा सुरू झाल्यापासून ते मुंबईत जे गाडीत बसतात ते किहीमच्या बंगल्याच्या फाटकाशीच उतरतात. मध्ये समुद्र लागला होता हे त्यांना तिकिटाची रक्कम बघून आठवतं.

तिसरा वर्ग मात्र बिकट आहे. तो स्वतःच्या शिडाच्या बोटीनं येणाऱ्यांचा. समुद्रावर या माणसाइतका स्वतंत्र माणूस नाही. वारा फुकट, रस्ता फुकट, टोल नाही, सिग्नल नाही, डावीकडून घुसून वर आपल्यालाच डोळे वटारणारा कोणी नाही. बंदरात नांगरलेल्या अवाढव्य जहाजांच्या नाकासमोरून तो आपली पंचवीसफुटी बोट घेऊन जातो, आणि त्या जहाजांनी आपली दखल घेतली असं समजून हातही हलवतो. तासा-दोन तासांनी हाच दर्यावर्दी मांडव्याला "चोंढीपर्यंत किती घेणार?" असं पडेल आवाजात विचारत असतो. थोड्या वेळानं बघावं तर तो मिनीडोरच्या मागच्या बाकावर आहे, डोक्यावर कप्तानाची टोपी तशीच आहे, आणि मांडीवर शेजारच्या आजींची सुक्या बोंबलांची पिशवी.

आमच्या एका मित्राला ही मानहानी सोसवेना. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते मोजून निवृत्त झाल्यावर त्यानं आणखी दोघांबरोबर भागीत एक जुनी शिडाची बोट घेतली. बोटीचा तिसरा हिस्सा त्याचा. टोपी मात्र त्यानं अख्खी घेतली. तेव्हापासून आम्ही त्याला कप्तान म्हणतो. वहिनी एरवी नावानं हाक मारतात, पण पैशांचा विषय निघाला की त्याही कप्तानच म्हणतात. बोट गेटवेसमोरच्या पाण्यात बोयाला बांधलेली असते. बोटीपर्यंत जायला एक लहान होडी, होडीपर्यंत यायला टॅक्सी, टॅक्सीपर्यंत यायला लोकल, लोकलपर्यंत यायला रिक्षा. म्हणजे एका बोटीच्या दिमतीला आधीच चार वाहनं होती. पाचव्याची भर कप्तानानं व्हिडिओ बघून घातली.

या व्हिडिओंत एक नवरा-बायको असतात. दोघं साठीचे, उन्हानं रापलेले, कसलीही घाई नसलेले. भूमध्य समुद्रातल्या कुठल्याशा निळ्याशार उपसागरात त्यांची बोट नांगरलेली असते. सकाळी नवरा डेकवरच्या पेटीतून घडी घातलेली बॅटरीची सायकल काढतो, खटाखट उलगडतो, आणि गावात जाऊन ताजा पाव घेऊन येतो. पाव आणण्याखेरीज ते दुसरं काही करताना मी पाहिलेले नाहीत. कप्तानाला त्या पावानं वेड लावलं. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी वीत-दोन वीत वर, वीत-दोन वीत खाली. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरच्या वर जातो. सकाळी भरतीला जिथं अलगद पाय ठेवून उतरलात, तिथंच दुपारी ओहोटीला परत आलात तर बोट दीड मजला खाली गेलेली असते आणि मधल्या पायऱ्यांवर शेवाळ. तिथून पावाची लादी घेऊन उतरणंसुद्धा धाडसाचं. सायकलीची गोष्टच सोडा.

शिवाय बॅटरी घेऊन कुठं जाऊ नये हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. ग्रीसमधलं हायड्रा बेट बोटवाल्यांचं लाडकं आहे. तिथं मोटारी आणि मोटरसायकलींना बंदी. सामान वाहायला गाढवं नि खेचरं. बॅटरीची सायकल यातल्या कशात धरायची, यावर तिथल्या पोलिसाशी वाद घालायची कप्तानाची तयारी होती. फक्त ग्रीसला जायची नव्हती.

होडीला चाकांची जोड देण्याची खरी तालीम बघायची तर इंग्लंडातल्या कालव्यांवर जावं. माझी भाची तिकडं असते, तिच्या ऑफिसातला एक जण बोटीतच राहतो. तिथल्या या नॅरोबोटी रुंदीला सात फुटांच्या आत आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत असतात. आत शिरलं की एखाद्या चाळीच्या कॉमन गॅलरीला छत घालून कोणीतरी ती पाण्यात सोडली आहे असं वाटतं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. म्हणजे बायको बोटीतून उतरून दूध घेऊन चालत निघाली तर पुढच्या वळणावर तिला थांबून वाट बघावी लागते. ज्यांचा कायमचा तळ नाही त्यांना एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही, म्हणून हा गृहस्थ दर पंधरवड्याला घरासकट पुढं सरकतो. पण त्याची मोटार मागंच राहिलेली असते. मग बोट बांधायची, छपरावरची सायकल काढायची, कालव्याच्या काठानं मागं जायचं, मोटारीत सायकल घालायची आणि मोटार घेऊन परत बोटीपाशी यायचं. काठानं जी सुंदर पायवाट आहे तीसुद्धा सायकलींसाठी केलेली नाही; पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली. घोडे गेले, इंजिनं आली, आणि घोड्याच्या वाटेनं आता बोटीचा मालक स्वतः पळतो.

सायकलीचा आणखी एक उपयोग तिथं कळला. कालवा टेकडीवर चढवायचा तर लॉक लागतात : दारं लावायची, पाणी भरायचं, बोट वर उचलायची, पुढची दारं उघडायची. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाची चढण आहे, तिथं दोन मैलांत असे २९ लॉक आहेत आणि ते पार करायला पाच-सहा तास लागतात. अशा वेळी घरातल्या एकानं सायकलीवर टांग मारून पुढं जायचं आणि पुढचं लॉक तयार ठेवायचं. एक माणूस पुढं पळून दारं उघडतोय, मागून सबंध घर सावकाश येतंय. आपल्याकडं नवऱ्या मुलाकडची मंडळी यायची असली की अशी धावपळ होते, पण तीही एकाच दारावर भागते. बॅटरीच्या सायकली आल्यापासून हे काम म्हाताऱ्यांनाही जमू लागलंय. इंग्लंडच्या कायद्यानं त्या सायकलीची मोटर ताशी साडेपंधरा मैलांनंतर हात आखडते. उभ्यानं चालवायच्या खासगी स्कूटरला तर तिथल्या सार्वजनिक रस्त्यावर परवानगीच नाही. कप्तानाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ, आपला देश किती पुढारलेला आहे." आणि त्यानं उभ्याची स्कूटर घेतली.

घेण्याआधी बाकीचे उमेदवार तपासले होते. बसून चालवायची नेहमीची इलेक्ट्रिक स्कूटर सव्वाशे किलोला खेटते. ती डेकच्या एका बाजूला ठेवली असती तर बोट मांडव्याऐवजी गोल गोल फिरली असती. घडीची सायकल वीस-बावीस किलोची, पण तिचं पेडल, ब्रेक, हँडल असे सगळे अवयव वेगवेगळ्या दिशांना बाहेर येतात, आणि धक्क्यावर न्यायची होडी फुगवायच्या रबराची. उरली उभ्याची स्कूटर : पंधरा किलो, घडी घातली की लांबट, एका पूर्ण चार्जिंगमध्ये ३० किलोमीटर. हे ३० किलोमीटर कसे मोजतात ते पुस्तिकेत तळटीपेत असतं. चालवणारा ७५ किलोचा, रस्ता सपाट, तापमान २५ अंश आणि वारा पडलेला. कप्तान ९२ किलोचा आहे हे सोडून देऊ. पण ज्या दिवशी वारा पडलेला असतो त्या दिवशी शिडाची बोट मांडव्याला पोचतच नाही. थोडक्यात, जिथं स्कूटर नीट चालते तिथं जाता येत नाही, आणि जाता येतं त्या दिवशी ती नीट चालत नाही. वहिनींनी हे दुकानातच सांगितलं होतं. पण तेव्हा कप्तान सेल्समनच्या पोराला समुद्राविषयी माहिती देण्यात दंग होता.

स्कूटर बोटीतून होडीत उतरवणं हा या सगळ्यातला प्रेक्षणीय भाग. मांडव्यासमोर नांगर टाकलेला. बोट लाटेवर वर जाते तेव्हा होडी खाली, होडी वर येते तेव्हा बोट खाली. दोघी एका पातळीवर येतात तो क्षण डोळा लवेतो संपतो. बोटीत लाइफ जॅकेटं चार होती आणि आम्ही तिघं, म्हणून चौथं स्कूटरला घातलं. नारिंगी जॅकेटाचे बंद हँडलाखाली आवळून बांधलेले, शिट्टी बाजूला लोंबतेय. कप्तान वरून स्कूटर सोडणार, मी होडीत बसून धरणार, आणि वहिनी सूचना देणार अशी कामाची वाटणी. कप्तानानं "आता!" म्हटलं की होडी खाली गेलेली असायची. मी "आता!" म्हटलं की त्याला ऐकू जायचं नाही, कारण शेजारून जेट स्कीवाला घोंगावत गेलेला असायचा. शेवटी वहिनींनी दोघांना गप्प केलं, लाटा बघितल्या, आणि "सोडा" म्हणाल्या. स्कूटर थेट माझ्या मांडीत आली. मागच्या चाकाचं वंगण पँटवर उमटलं ते अजून तसंच आहे, पण रबराला ओरखडा नाही. बोटीची सत्ता खऱ्या अर्थानं कोणाकडं आहे हे मला त्या दिवशी कळलं. कप्तानाला अजून कळायचं आहे.

आणि हेच काम वर्सोव्याचे खलाशी रोज करतात. वर्सोव्याहून मढला रस्त्यानं जायचं तर मालाडला वळसा घालून वीसेक किलोमीटर. बोटीनं पाच मिनिटं. त्या बोटीत माणसांबरोबर दुचाक्याही जातात. कोणी व्हिडिओ काढत नाही, कोणी लाइफ जॅकेट घालत नाही. खलाशी एका हातानं मोटरसायकलचं कॅरिअर धरतो, दुसरा हात माव्यात, आणि बघता बघता दीडशे किलोचं धूड बोटीत. शेजारी मासळीची टोपली, तिच्यावर कोणाची तरी लॅपटॉपची बॅग. खाली कोकणात दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून सुरू आहे, तिच्यात तर एसटीसुद्धा चढते. कोकणच्या माणसानं वाहन पाण्यावरून नेण्याचा प्रश्न कधीच सोडवून टाकला : वाहन लहान करायचं नाही, बोट मोठी करायची. पण कप्तानाला फेरीबोट सुचवणं म्हणजे कवीला तू अर्जनवीस हो म्हणण्यापैकी आहे.

मग आला विजेचा प्रश्न. बोटीत १२ व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर राम म्हणते, म्हणून हाताशी ६००. छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनेल. चांगलं ऊन पडलं तर दिवसाला चारेकशे वॅट-अवर देतं. स्कूटर मागते तीनशे. त्यात १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर आपली दलाली कापून घेतो. म्हणजे दिवसभर जे ऊन पडलं ते सगळं स्कूटरच्या पोटात. उरलेल्यात रात्रीचे दिवे, रेडिओ आणि छोटा फ्रीज. कप्तानाच्या बोटीवर त्यामुळे दर शनिवारी हाच पेच पडतो, की उद्या फिरायचं की आज बिअर गार ठेवायची. मतदान घेतलं तर काय निकाल लागतो हे सांगायला नको. स्कूटर अर्ध्या पोटीच किनाऱ्यावर उतरते.

तीच वीज किनाऱ्यावर घेतली तर हिशेब गमतीचा आहे. स्कूटरची बॅटरी पूर्ण भरायला अर्धं युनिटही लागत नाही. तीन-चार रुपयांचा मामला. पण वेळ लागतो चार तास. झिराडच्या अलीकडं एका टपरीवर कप्तानानं विचारलं, "मावशी, पॉइंट आहे का?"

"हाय की. फ्रीज लावलाय त्याला."

समुद्रात फ्रीज, जमिनीवर फ्रीज. कप्तानाचं आणि फ्रीजचं मागच्या जन्मीचं वैर असावं. मावशींनी शेवटी पंख्याचा प्लग काढून दिला. आता पंखा आमच्यामुळे बंद, तेव्हा नुसतं बसून राहणं बरं दिसेना. तीन चहा झाले, वडे झाले, सरबत झालं, मग जेवायची वेळ झाली म्हणून मावशींनी भाकरी टाकली आणि बांगडा तळला. चार रुपयांच्या विजेचं बिल साडेपाचशे झालं. तेवढ्या वेळात मावशींच्या मोठ्या मुलाची नोकरी, धाकट्याचं डीएड, शेजारच्या वाडीचा मुंबईच्या पार्टीला झालेला व्यवहार आणि त्यात चुलत दिरानं केलेली लबाडी असं सगळं प्रकरण आम्हाला तोंडपाठ झालं. कुणापुढं तोंड वेंगाडायला नको म्हणून घेतलेली ही स्कूटर. तिच्यापायी कप्तानाची आता मांडवा ते थळ सगळ्या प्लगवाल्यांशी घरोब्याची ओळख आहे. सागरी नकाशात पाण्यातला खडक न् खडक दाखवलेला असतो आणि जमीन बरीचशी कोरी सोडलेली असते. खांदेरी-उंदेरीच्या त्याच्या नकाशावर त्या कोऱ्या जागेत आता पेन्सिलीनं बारीक बारीक फुल्या आहेत. कुणाला वाटेल शिवकालीन तळ. ते पॉइंट आहेत. एका फुलीपुढं "पंधरा अँपिअर, कुत्रा" असं लिहिलंय.

घारापुरीला मात्र त्यानं स्कूटर नेली तेव्हा मी बरोबर नव्हतो, याचं वाईट वाटतं. मुंबईच्या दिव्यांच्या इतक्या समोर असूनही त्या बेटावरच्या तीन वाड्यांत केबलनं वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून. त्याआधी जनरेटर, तोही संध्याकाळी थोडा वेळ. म्हणजे चार्जिंगचा प्रश्न सुटलेला होता. पण बेटावर लेण्यांकडं जायला शंभरावर पायऱ्या आहेत. कप्तान स्कूटर खांद्यावर घेऊन निम्म्या पायऱ्या चढला आणि तिथल्या डोलीवाल्यांनी त्याला स्कूटरसकट वर न्यायचा भाव सांगितला, एवढं वहिनींकडून कळलं.

चालवताना कप्तान दिसतो कसा, हेही सांगायला हवं. गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ, नजर क्षितिजावर, टोपीची दोरी हनुवटीखाली, आणि आवाज अजिबात नाही. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालय आहे. तिथला एखादा पुतळा वैतागून घरी निघाला असावा असं वाटतं. आवाज नसल्यानं कोंबड्या बाजूला होत नाहीत, गुरं तर नाहीतच. कुत्री पाठलाग करायला उठतात, पण फटफट ऐकू येत नाही म्हणून गोंधळतात आणि चार पावलं धावून खाली बसतात. माणसं गोंधळत नाहीत. आपल्याकडं कुठलंही नवं वाहन दिसलं की एकच प्रश्न, आणि तो झिराडच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानंही विचारला : "किती देते?" कप्तानानं थांबून किलोमीटर, वॅट-अवर, वाऱ्याचा रोध असं सगळं समजावलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आलिबागपावत जात नाय," तो म्हणाला.

गेली नाहीच. साडेआठ इंची चाकं आणि आपले खड्डे यांचं गणित आधीच जमत नव्हतं. चोंढीच्या पुढं एका चढावर स्कूटरनं लाल दिवा दाखवला, दोनदा टुकटुक केलं आणि ती थांबली. मागून मिनीडोर आली. ड्रायव्हरनं स्कूटर टपावर टाकली, दोरीनं बांधली आणि म्हणाला, "शेट, हिचं हाफ घेतो." ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, न्यायालयानं ती फेटाळली. अलिबागकरांनी त्यानंतर कोर्टाचा नाद सोडलेला दिसतो. त्या गाडीतल्या एका कॉलेजकुमारानं कप्तानाच्या टोपीकडं बघून नुसतंच विचारलं, "मुंबईवरून आलात काय?" अर्थ पोचला.

खारं पाणी हा या धंद्यातला खरा सावकार. कोकणात घर असलेल्याला हे सांगावं लागत नाही; तिथं बिजागऱ्या, पंखे, नळ, सगळे हप्त्याहप्त्यानं त्याच्याकडं जमा होतात. कप्तानाच्या स्कूटरवर आयपी ६७ असा छाप होता. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जाणार नाही. ही परीक्षा गोड्या पाण्याची असते हे छापात लिहिलेलं नसतं. स्कूटर कधी बुडाली नाही. नुसत्या वाऱ्यानं आणि तुषारांनी महिन्या-दोन महिन्यांत चार्जिंगच्या भोकात हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं. आत तांब्याचे दात होते ते गेले. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथं होड्यांतला माल आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. पाणी आखापर्यंत, कधी बैलांच्या पोटापर्यंत. लाटा येतात, बैल मान जरा वर करतात. मासळी घेऊन गाडी बाहेर येते, बैल अंग झटकतात, संपलं. किनारा आणि होडी यांच्यातल्या वाहतुकीसाठी इतकं बिनतक्रार यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याला छाप नाही, रात्री चारा टाकला की सकाळी पूर्ण चार्ज.

पावसाळा जवळ आला की बोटी पाण्याबाहेर काढतात आणि दोन महिने दर्या कोळ्यांनाही बंद होतो. स्कूटर त्या वर्षी कप्तानाबरोबर घरी आली. बोटीवर लिथियमची बॅटरी ठेवायला वहिनींनी नकार दिला होता. पेटली तर पाण्यानंही सहज विझत नाही, आणि पेटायची ती समुद्राच्या मधोमध, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. २०२२ मध्ये हजारो नव्या गाड्या घेऊन निघालेलं ‘फेलिसिटी एस’ हे जहाज अटलांटिकमध्ये पेटून बुडालं. त्यात इलेक्ट्रिक गाड्याही होत्या. आग कशानं लागली यावर लोक भांडत बसले. वहिनींनी ती बातमी कापून फ्रीजवर चिकटवली, घरच्या.

सोसायटीत मात्र स्कूटरला समुद्रापेक्षा वाईट दिवस आले. सेक्रेटरींनी पार्किंगच्या स्टिकरसाठी नंबर मागितला. आपल्या कायद्यानं मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ते मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नाही, म्हणून नंबर नाही. नंबर नाही तर स्टिकर नाही. स्टिकर नाही तर पार्किंग नाही. मग सायकल समजा, असं कप्तान म्हणाला. सायकल जिन्याखाली ठेवायला मुभा आहे, पण सायकलीला पेडल असतं, याला नाही. खेळणं समजावं तर कप्तानाचं वय आड येतं. शेवटी त्यानं अर्जात ‘बोटीचे सुटे भाग’ असं लिहून दिलं. त्यावर बोट सोसायटीच्या आवारात आणण्याचा इरादा आहे काय, असा लेखी प्रश्न आला. कार्यकारिणीच्या सभेत त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तो अजून तहकूबच आहे.

तोवर स्कूटर वॉचमनच्या केबिनमागं ताडपत्रीखाली असते. तिच्यावरून वॉचमन रात्रीच्या फेऱ्या मारतो, पहाटे दुधाच्या पिशव्या ए विंगपासून डी विंगपर्यंत पोचवतो. त्याचं वजन साठ किलोही नसेल, आवार फरसबंदीचं, वारा अडवायला चारी बाजूंना इमारती. तीसच्या जागी पस्तीस देते म्हणतो. चार्जिंग तो पंपाच्या खोलीत करतो. सेक्रेटरींना अजून पत्ता नाही.